खटका वीसवर

याकूब, तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि आपल्या भांडणाचं पुढे काय झालं, ते तुला सांगायचं राहिलंय. तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तर, त्यात ल्ह्यायचं काय? फोन लावा की." आता फोन उचलायला तू नाहीस, म्हणून लिहितोय.

भांडण कशावरून, असं गावात मला विचारतात. मी सांगतो, ट्रान्सफॉर्मरवरून. मग ते गंभीर होऊन विचारतात, "कुठली डीपी, मळ्यातली का वेशीवरची?" एक जण तर म्हणाला, बोर्डात माझी ओळख आहे, अर्ज द्या. आपला ट्रान्सफॉर्मर काड्यापेटीएवढा आहे, तो तबकड्या वाजवण्याच्या यंत्राला लागतो, आणि त्याच्यापायी साठी ओलांडलेले दोन पुरुष दोन वर्षं हट्टाला पेटले होते, हे समजावायला गेलो की समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो. सुमनसुद्धा बघते, आणि ती तर माझी बायको आहे.

शेवटची भेट डोळ्यांसमोरून हलत नाही. जुन्नरला तुझ्या घरी, दुपारचे साडेतीन वाजले असतील. खाटेवर तीन उश्यांना टेकून तू बसला होतास. छातीत पाणी झालेलं, प्रत्येक वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. मी महाळुंग्याहून घरच्या शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या. खैरूनभाभी आत चहा टाकत होत्या. तू शेंगांकडे बघितलंही नाहीस. विचारलंस काय, तर, "मास्तर, खटका कुटल्या बाजूला हाय सध्या?"

मी म्हणालो, "वीसवर. दोन वर्षं वीसवरच आहे आणि वीसवरच राहणार."

तू हसायला लागलास. हसता हसता खोकला सुरू झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसू थांबेना. भाभी धावत बाहेर आल्या. आता खरं सांगतो, मला राग आला. मला वाटलं, मरणाच्या दारातसुद्धा हा माणूस मला खोटं पाडतोय. "बरा झालास की बोलू," असं म्हणालो आणि चहा न घेता उठलो. तू काही बरा झाला नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या पुतण्याचा फोन आला.

तेव्हापासून ते हसणं माझ्या कानात आहे. तू मला हसलास का? जाता जाता का हसलास? एवढंच मला हवं होतं, आणि विचारायचं कुणाला, ते कळत नव्हतं.

आपली ओळख माझ्या विहिरीवरच्या मोटारीने करून दिली. सोळा वर्षं झाली असतील. मोटार जळाली, कुणीतरी म्हणालं, जुन्नरला याकूबकडे न्या, तो चांगली भरून देतो, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळून देतो. कळंबवरून नारायणगाव, तिथून जुन्नर, अशी ती मोटार मांडीवर घेतल्यासारखी मी जीपमधून आणली. दुकानावर पाटी होती, 'मोटार रिवायंडींग'. मी जन्मभर इतिहास शिकवला, पण चुकीची वेलांटी दिसली की माझा हात लाल पेनाकडे जातो. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी मी म्हणालो, "ती 'डी' ऱ्हस्व पाहिजे." तू हातातलं तांबं खाली ठेवलंस आणि म्हणालास, "मास्तर दिसताय. बसा. मोटर जळाल्यावर कुनी येलांटी बगत न्हाई." पाटी तू शेवटपर्यंत बदलली नाहीस. परवा बघितली, अजून तशीच आहे.

त्या दिवशी मी तिथंच बसून राहिलो, आणि एक गंमत बघितली. मढकडचा एक शेतकरी त्याची मोटार न्यायला आला होता. मोटार भरायला टाकताना त्याने सांगितलं होतं, "याकूबभाई, जरा जोराची भरा. पानी वर चढत न्हाई." तू त्याला म्हणाला होतास, "हो." आता तो मोटार घ्यायला आला, तुझा हात दाबला आणि गेला. मी विचारलं, "खरंच जोराची भरलीस?" तू म्हणालास, "छ्या! जोराची भरली तर चार दिसात जळंल. जशी व्हती तशीच भरली. पन शेतकऱ्याला न्हाई म्हनलं की तो दुसरीकडं जातो, अन् तिकडचा मिस्त्री त्याला खरंच जोराची भरून देतो. म्हनून आपून हो म्हनायचं, अन् भरायची आपल्या हिशोबानं."

मग तू दुसऱ्या एका मोटारीचं झाकण उलटं करून दाखवलंस. आतल्या बाजूला पेन्सिलीने वेढे किती, तार कुठल्या नंबरची, गाव कुठलं, हे लिहिलेलं होतं. आणि शेवटी एक शब्द: हो. "ह्ये कुनासाठी?" असं मी तुझ्याच भाषेत विचारलं. तू म्हणालास, "उद्या मी नसलो, अन् दुसऱ्या कुनी झाकन खोललं, तर त्याला कळावं. मालकाला हो म्हनलंय, पन आत बरोबर भरलंय. त्यानं येड्यागत पुन्हा वाढवू नये." मी पोट धरून हसलो. पुढच्या हंगामात तोच मढचा माणूस मला एसटी स्टँडवर भेटला आणि छाती फुगवून म्हणाला, "याकूबभाईनं अशी भरलीय, आता बगा कशी वढती!" ते तुला सांगायला मी वाट वाकडी करून दुकानात आलो होतो. आपण दोघं किती हसलो, आठवतं ना?

तबकड्यांची पेटी त्यानंतरची. तुझ्या अब्बांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, उरूस, जत्रा, सगळीकडे त्यांचे भोंगे. धंदा बसला, अब्बा गेले, आणि त्यांच्या तबकड्यांची पत्र्याची पेटी तुझ्या माळ्यावर धूळ खात पडली. माझ्याकडे वाजवायचं यंत्र आहे हे कळल्यावर तू ती पेटी एके रविवारी माझ्या ओटीवर आणून ठेवलीस. वर काय म्हणालास, "वाजवा. लोखंड बी वापरलं न्हाई की गंज धरतं." त्यात ती सनईची तबकडी होती. एका ठिकाणी चरा पडलेली. ती वाजली आणि सुमन स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "अहो, ही आपल्या लग्नातली!" आमच्या लग्नात मंगलाष्टकं झाली आणि सनई अडकली होती, एकच सूर घोळत राहिला होता, आणि तुझे अब्बा मांडवातून धावत गेले होते. तो चरा तोच. मी तुझ्या अब्बांना तेव्हा मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

आता भांडणाकडे येतो. जावयाने परदेशातून येताना एक पिकअप आणला. म्हणजे यंत्राच्या दांडीच्या टोकाला सुईसकट जो नखाएवढा ठोकळा बसतो, तो. "मूव्हिंग कॉइल आहे, बाबा. याने ऐकाल तर जुना फेकून द्याल." मी हौसेने बसवला, सनईची तबकडी लावली, आवाज शेवटपर्यंत चढवला, तर सनई घोडेगावात वाजतेय आणि मी महाळुंग्यात ऐकतोय, असं वाटलं. जावयाला फोन केला. तो म्हणाला, "अहो, त्याचा आवाज फार बारीक असतो. मध्ये स्टेप-अप, म्हणजे चढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, ते सांगायचं राहिलंच. एकास दहा, एकास वीस, एकास तीस, असे येतात. तुमचं तुम्ही बघा."

मी वही पेन घेऊन तुझ्याकडे आलो. तू भिंग लावून तो पिकअप अर्धा तास बघत बसलास. सुईच्या मागे केसाहून बारीक तारेच्या दोन गुंडाळ्या, सुई हलली की त्या हलतात आणि त्यातून वीज निघते. तुझ्या तोंडातून आधी शिवी निघाली, मग "सुभानअल्ला" निघालं. "मास्तर, ह्ये तर माजंच काम हाय. फक्त कुनीतरी लई बारीक केलंय."

मी म्हणालो, "तीसचा घेऊ." तू म्हणालास, "दहाचा." मी वीसवर आलो. तू दहावरून हललाच नाहीस.

तुला माझं म्हणणं कळत नव्हतं असं नाही. आमचा सगळा जन्म कमी दाबाच्या विजेत गेला. संध्याकाळी बल्ब लाल व्हायचा, पंख्याची पाती मोजता यायची. घरात पहिला स्टॅबिलायझर आला तेव्हा त्याला चढवायचं बटण होतं, ते आम्ही एकदा दाबलं ते पुन्हा वर आलंच नाही. त्यामुळे चढवायची सोय दिसली की आमच्याकडच्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. वीज बारीक आहे ना, मग चढवा. त्यात वाईट काय?

तू मला समजावलंस ते अगदी माझ्या विहिरीवर नेऊन. "मास्तर, पानी जेवडं उंच चढवाल तेवडा मोटरीवर लोड. व्हय का न्हाई?"

"हो."

"ही सुई म्हंजे मुंगीची मोटर. दहा पट उचलून मागितलं तर हसत दील. वीस पट मागितलं तरी दील बिचारी, पन तिला दम लागंल."

"आणि दम लागलेला ऐकू येतो?"

"येतो की. वरचा बारीक आवाज बसतो. झांज वाजल्यावर जी मागं ऱ्हाते ना, शेवटची, ती मरती."

मी म्हणालो, हे तुझं मोटारींचं शास्त्र आहे, संगीताला लागू नाही. किती उद्धटपणे म्हणालो! तुला वाईट वाटलं असेल, पण तू दाखवलं नाहीस. चार महिने हेच चाललं. मोबाईलवर मी तुला ट्रान्सफॉर्मरांचे फोटो दाखवायचो आणि तू मान हलवायचास. शेवटी एके दिवशी तू म्हणालास, इकत घ्यायचाच न्हाई, आपून भरू. आणि ताडपत्रीखालून अब्बांचे दोन जुने अॅम्प्लिफायर ओढून काढलेस. त्यांच्या पोटात माइक जोडायच्या जागी जाड पत्र्याच्या टोप्या घातलेले दोन छोटे ट्रान्सफॉर्मर होते. जुनी तार तू उलगडून टाकलीस, आतलं लोखंड फक्त ठेवलंस. एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. "माइकसुदिक मुंगीच हाय, मास्तर. बारीक आवाज उचलायचं काम ह्या लोखंडाला ठाव हाय. अब्बांनी शिकवलंय त्याला."

मी तरीही म्हणालो, "पण वीसचा भर."

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या दाढीत तांब्याचा एक तुकडा अडकला होता, तो मला अजून दिसतो. तू म्हणालास, "हो. दोन्ही ठिवतो. खटका बसवतो. वर केला की दहा, खाली केला की वीस. तुमचं कान ठरवत्याल. पन एक सांगतो, वीसवर आवाज दुप्पट व्हनार न्हाई हां. लोड खाऊन टाकतंय. फक्त भरीव यील जरा. कान दिऊन ऐका."

मी जिंकल्याच्या आनंदात घरी आलो.

तू आणि भाभी स्कूटरवर आलात तो रविवार. ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावर तू लाल ऑइलपेंटने १० आणि २० असे आकडे काढले होतेस, मोटारीवर काढतोस तसे. जोडणी झाली. आधी दहावर. सनईची तबकडी. सनई सुरू व्हायच्या आधी एक बारीक आवाज आला, आणि तू हात वर केलास. "थांबा. परत लावा." परत लावली. तो वाजवणाऱ्याचा श्वास होता. सूर लावायच्या आधी त्याने छाती भरून घेतलेला श्वास, एवढी वर्षं त्या तबकडीत होता आणि भोंग्यातून कुणाला ऐकूच आला नव्हता. तू म्हणालास, "अब्बा जलमभर ही तबकडी वाजवत फिरले. त्यांनी ह्यो ऐकला न्हाई." मग तू रुमाल काढलास. मीही काढला. आपण दोघं एकमेकांकडे न बघता नाक पुसत बसलो.

आणि मग मी काय केलं? मी खटका खाली केला आणि म्हणालो, "आता वीस ऐक. वा! बघ कसा भरला!"

तू म्हणालास, "हो, मास्तर."

सुमन म्हणाली, "मला तर दोन्हीकडं सारखंच लागतंय." मी म्हणालो, कान तयार असावे लागतात. भाभींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं चहा गरम लागला असेल.

दोन वर्षं मी तुला छळलं. तू फोनवर विचारायचास, कुटं हाय खटका? मी सांगायचो, वीसवर, आणि मग वीसचे गुण ऐकवायचो. तबल्याचा घुमारा, झांजेचा शेवट, सगळं वीसवर कसं जास्त खुलतं ते. मी शाळेच्या वहीत दोन पानं भरून 'दहा आणि वीस: तुलना' लिहिली. दहाला शंभरपैकी बासष्ट गुण दिले, वीसला एक्याऐंशी. ते तुला फोनवर वाचून दाखवलं. तू म्हणालास, "दहाला नापास केलं न्हाई, लई उपकार झाले." तू कधी म्हणाला नाहीस की वीस चांगला. मला तेच ऐकायचं होतं. एकदा म्हण की, मास्तर, तुमचं बरोबर व्हतं. तू हसून विषय बदलायचास, आणि मी चिडून फोन ठेवायचो.

आणखी एक गोष्ट आता टोचते. पहिल्या दिवसापासून मी तुला 'तू' म्हणालो आणि तू मला 'तुमी'. वयाने आपण सारखे. तू सातवीपर्यंत शिकलेला आणि मी मास्तर, म्हणून ते तसं पडलं आणि तसंच राहिलं. एकदाही मला वाटलं नाही की याला सांगावं, अरे, मला 'तू' म्हण. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास का, कुणास ठाऊक. निदान सांगायचं तरी माझ्या हातात होतं.

दफनाला मी आलो होतो. सगळ्यांनी ओंजळीने माती टाकली, मीही टाकली. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस म्हणत होता, आता मोटारी न्यायच्या कुठे? मलाही तोच प्रश्न होता, फक्त माझ्याकडे मोटार नव्हती.

गेल्या मंगळवारी भाभींना भेटायला जुन्नरला गेलो. सनईची तबकडी सोबत घेतली होती, परत द्यावी म्हणून. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. "ती तुमच्याकडंच वाजंल, मास्तरभाऊ. हितं कोन वाजवनार?" मग आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप माझ्यासमोर ठेवला. "त्या दिसाचा ऱ्हायलाय तुमचा."

मला तो कप उचलवेना. मी म्हणालो, "भाभी, त्या दिवशी त्याला हसून हसून दम लागला तो माझ्यामुळे. आणि वर मीच रागावून निघून गेलो. मला माफ करा."

भाभींनी कप माझ्याकडे आणखी सरकवला. मग म्हणाल्या, "राग येनारच तुमाला. पन त्ये तुमाला हसत नव्हतं. तुमी गेल्यावर मला म्हनलं, दोन वर्सं खुश ऱ्हायला गं मास्तर. लई ग्वाड वाटलं. असं दोनदा म्हनलं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "तुमी डबा खोलून बगितला का कदी?"

"नाही. का?"

"मग बगा. मी न्हाई सांगनार. कबूल केलंय मी त्यांना." आणि थोड्या वेळाने आपणच म्हणाल्या, "तार मी भरलीय त्याच्यातली. मोटरीचं हात त्यांचं, एवडी बारीक तार त्यांच्या बोटानं तुटायची. सा येळा तुटली. मग मला म्हनलं, तुजी बोटं शिवनकामाची हायेत, तू बस. मी भरली, त्यांनी मोजली."

मी चहा घेतला. गार झाला होता. तरी सगळा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर उजेडात बसून मी डब्याचे चार स्क्रू काढले. आत ती दोन टोपीवाली लोखंडं, शेजारी शेजारी. त्यांच्यातून निघालेल्या तारा खटक्याकडे गेलेल्या. मला यातलं फार कळत नाही, पण एवढं कळलं की खटक्याच्या वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला जाणाऱ्या तारा एकाच जागी डाग देऊन जोडल्या होत्या. वर केला काय आणि खाली केला काय, वाट एकच. मग मी झाकण उलटं केलं. तुझं अक्षर. पेन्सिलीने.

'म्हाळूंगे. मास्तर. १:१० दोनी बाजूला. तार खैरूननं भरली.'

आणि शेवटी: 'हो'.

याकूब, मला आधी हसू आलं. मढच्या त्या माणसाची छाती आठवली, अशी भरलीय, आता बगा कशी वढती. त्याला हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं. आणि दोन वर्षं मी तुला फोन करून तेच सांगत होतो. तबल्याचा घुमारा! एक्याऐंशी गुण! हसता हसता मला रडू आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. सुमन आली, तिने झाकण वाचलं, तारा बघितल्या. म्हणाली, "मी सांगत नव्हते का, दोन्हीकडं सारखंच लागतंय म्हणून?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि खटका वीसवर टाकला की तुम्ही हळूच आवाज वाढवता. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. याकूबभावजींनाही ठाऊक होतं. तेच म्हणाले, राहू द्या, वहिनी."

राहू द्या, वहिनी. तुला मला हरवायचं असतं तर त्या रविवारीच झाकण उघडून हरवता आलं असतं. तू माझी मुंगीएवढी सुई जपलीस, माझा हट्ट जपलास, आणि वर मला जिंकूही दिलंस. गिऱ्हाइकाला खोटा हो म्हणून तू मोटार जशी बरोबर भरायचास, तसा मलाही भरलास. एवढी माया माझ्यावर सख्ख्या भावानेही केली नाही रे. मी तुला ती परत कधी दिली, ते आठवायला बसलो तर शेवग्याच्या शेंगांपलीकडे काही आठवत नाही.

'म्हाळूंगे'तला उकार ऱ्हस्व पाहिजे. 'दोनी' असा शब्द नाही. माझ्या हाताशी पेन्सिल होती. जन्मात पहिल्यांदा मी चूक तशीच सोडली.

पण पेन्सिल उचलली. तूच म्हणाला होतास ना, उद्या दुसऱ्या कुणी झाकण उघडलं तर त्याला कळावं. तुझ्या 'हो'च्या खाली, माझ्या मास्तरी वळणदार अक्षरात, मी आणखी एक 'हो' लिहिला. आपलं भांडण संपलं हे कुणीही झाकण उघडलं की त्याला कळेल. मग चारही स्क्रू लावून टाकले.

संध्याकाळी सनईची तबकडी लावली. खटका खाली होता, तो तसाच ठेवला. सुमन दारात उभी होती. माझा हात सवयीने आवाजाकडे गेला, तो मी मागे घेतला. आधी तो श्वास आला, छाती भरून घेतलेला. मग सनई सुरू झाली.

याकूब, वीसवर फार सुरेख वाजतंय रे.